पालीचे यजमान, बँकॉकचे पाहुणे

पालीत घर असलं की येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांची सवय लहानपणापासून लागते. पहाटे अष्टविनायक यात्रेच्या गाड्या वाकणकडून नाहीतर खोपोलीकडून गावात शिरतात. देवळाच्या रस्त्यावर दूर्वांच्या जुड्या, जास्वंदी, नारळ मांडलेले असतात. माणसं रांगेला लागतात, आधी धुंडीविनायक की आधी बल्लाळेश्वर असं एकमेकांना विचारतात, दर्शन घेतात, बाहेर येऊन पोह्याचे पापड, मिरगुंडं, कडवे वाल बांधून घेतात आणि महडच्या वाटेला लागतात. तासा-दीड तासात गाव त्यांच्या मागे पडलेलं असतं. देवळामागे सरसगड उभा आहे, जवळच उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत, हे बहुतेकांच्या कानावरही जात नाही. आम्ही गावकरी गल्ल्याच्या, ओट्याच्या, कचेरीच्या टेबलाच्या या बाजूला. परक्या गावी देवाला गेलेल्या माणसाला त्या तासाभरात काय दिसतं, काय लक्षात राहतं, हे कळायला त्या बाजूला जावं लागतं. माघी यात्रा आटोपल्यावर आम्ही चौघी मैत्रिणी बँकॉकला गेलो, तेव्हा ते कळलं.

चौघी शाळेपासूनच्या. एकीचं देवळाच्या रस्त्यावर पापड-मसाल्यांचं दुकान आहे, एक प्राथमिक शाळेत शिकवते, एक लग्न होऊन पेणला गेली आणि तिथल्या कारखान्यात गणपतीच्या मूर्तींची आखणी करते, म्हणजे देवाचे डोळे रंगवते. मी तालुक्याच्या कचेरीत नोकरीला. दुकानवालीला यात्रेत हलता येत नाही आणि उन्हाळा लागला की वाळवणं सुरू होतात. मधले थोडे दिवस तेवढे तिचे. त्या दिवसांत जवळचं, झेपणारं, बायकांना मोकळेपणानं हिंडता येईल असं शहर हवं होतं. बघण्याची यादी मुद्दामच केली नाही. रोज एखाददुसरी जागा, बाकी वेळ बसणं, खाणं आणि गप्पा, एवढंच ठरलं होतं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही नदीवर गेलो. चाओ फ्राया आमच्या अंबेच्या कितीतरी पट रुंद, गढूळ, जलपर्णीचे पुंजके वाहून नेणारी. त्यातून प्रवासी होड्या सारख्या ये-जा करत होत्या. शाळकरी मुलं, कचेरीतून परतणाऱ्या बायका, भगव्या वस्त्रातले भिक्षू असे सगळे एकाच होडीत. भिक्षूंसाठी जागा राखलेली असते आणि बायका त्यांना धक्का लागू नये म्हणून सहज बाजूला होतात. 1782 साली पहिल्या राम राजानं राजधानी या काठावर आणली. त्याच साली आपल्याकडे सालबाईचा तह झाला आणि पुण्यात नाना फडणीसांचा कारभार जोरात होता. पालीच्या लाकडी देवळाच्या जागी दगडी देऊळ उभं राहिलं तेही नानांच्याच काळात. बँकॉक म्हणजे काचेचे मनोरे एवढंच डोक्यात होतं. इथली जुनी देवळं आणि आमचं देऊळ जवळपास एका वयाची, हे नदीच्या मधोमध असताना लक्षात आलं आणि शहर एकदम ओळखीचं वाटलं.

पलीकडच्या तीरावर वॅट अरुणचं देऊळ होतं. लांबून करडं दिसणारं त्याचं शिखर जवळ गेल्यावर फुलांनी भरून जातं, कारण ते चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेलं आहे. बशांचे, वाट्यांचे तुकडे पाकळ्यांच्या आकारात बसवलेत. पेणची मैत्रीण तिथेच थांबली. एकेका पाकळीवर बोट न लावता बोट फिरवत म्हणाली, "अगं, हे कोणीतरी बसून एकेक लावलंय. घाई करून होणारं काम नाही हे." आखणी करणाऱ्या हाताला दुसऱ्याच्या हाताची किंमत लगेच कळते.

सकाळी फुलबाजारात गेलो. पाक ख्लोंग तलाट हा बाजार दिवसरात्र चालतो. झेंडूचे ढीग आपल्याला नवे नाहीत, पण इथे झेंडूच्या बरोबरीनं कमळाच्या कळ्यांच्या जुड्या होत्या, आणि मोगऱ्याचे, लांब सुईत ओवलेले, मुठीएवढे गजरे. एक म्हातारीशी बाई बसून कमळाच्या पाकळ्या दुमडत होती. मिटलेली कळी डाव्या हातात धरायची, बाहेरची पाकळी उजव्या अंगठ्यानं आत वळवायची, टोक देठाशी खोचायचं. मग तिच्या शेजारची पाकळी. फिरत फिरत एक आवर्तन झालं की कळीचं घडीचं फूल तयार, आत गुलाबी आणि कडेला पांढुरकं हिरवं. आमची शिक्षिका बराच वेळ बघत उभी राहिली. त्या मावशीनं वर पाहिलं, काही न बोलता एक कळी तिच्या हातात दिली आणि स्वतःची कळी तिला दिसेल अशी धरून सावकाश दुमडू लागली. आम्ही चौघी तिच्याभोवती उकिडव्या बसलो. एकीची पाकळी फाटली, मावशीनं ती काढून टाकली आणि आतली पुढे केली. पाठीमागून हातगाड्या जात होत्या, तिची गिऱ्हाइकं येत होती, ती त्यांनाही देत होती. आम्हाला मात्र तिनं उठवलं नाही. शेवटी पैसे पुढे केले तेव्हा तिनं जुडीचे घेतले, शिकवलेल्या कळ्यांचे घेतले नाहीत.

दुकानवाली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दूर्वांची जुडी कशी बांधतात, एकवीस कशा मोजतात, हे माझ्या दुकानासमोर उभं राहून कितीजणी बघतात गं. मी त्यांना 'घ्यायचंय का' एवढंच विचारते."

त्या कळ्या घेऊन वॅट फोला गेलो. पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच. खांबांच्या मधून तो तुकड्यातुकड्यानंच दिसतो: आधी चेहरा, मग कोपर, मग सोनेरी अंगाची लांबच लांब रेघ आणि शेवटी पावलं. पावलांच्या तळव्यांवर शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांनी 108 शुभचिन्हं जडवलेली आहेत. पाठीमागच्या भिंतीशी 108 धातूची भांडी ओळीनं ठेवलेली. लोक हातातली चिल्लर एकेका भांड्यात टाकत पुढे सरकतात आणि त्या नाण्यांचा किणकिणाट सबंध दालनात चालू राहतो. आपल्याकडे जपमाळेचे मणी 108, इथे भांडी 108. चपला हातातल्या पिशवीत घालून फिरायचं, खाली बसलं तर पाय मूर्तीकडे करायचे नाहीत. हे कोणी सांगायची गरज पडली नाही. देवासमोर पाय पसरलास म्हणून लहानपणी आजीचा धपाटा खाल्लेल्या माणसाला ते आपसूक जमतं.

वॅट फो हे पारंपरिक थाई मालिशचं जुनं विद्यापीठच. आम्ही पायांचं मालिश करून घ्यायला बसलो, तर आईच्या वयाच्या बायका पाणी घेऊन आल्या आणि पाय धुऊ लागल्या. चौघीही अवघडलो. आपल्याकडे मोठ्यांच्या पायांना आपण हात लावायचा. मोठ्या बाईनं आपले पाय धुवायचे, ही कल्पनाच सहन होईना. शिक्षिकेनं तर पाय मागे ओढले. त्या मावशी हसल्या, हात जोडून किंचित मान लववली आणि पुन्हा पाय हातात घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर कमीपणाचा लवलेश नव्हता. वैद्यानं नाडी बघावी तसं ते काम होतं. कोणतं काम मोठं, कोणतं हलकं, कोणी कोणाच्या पायाला हात लावायचा, याचे आपल्याकडचे हिशेब किती पक्के आहेत ते त्या पाऊण तासात जाणवलं. कारागिरी अंगात असलेल्या माणसाला त्या हिशेबाची गरज नसते.

खाण्याच्या बाबतीत आमचा पहिला धक्का तुळशीचा. रस्त्यावरच्या टपरीवर मोठ्या कढईत लसूण, मिरची आणि कोंबडीचा खिमा परतत होता आणि त्या बाईनं वरून मूठभर पानं टाकली. वास ओळखीचा. जवळ जाऊन बघितलं तर तुळसच, आपल्या वृंदावनातली. थाई लोक तिला क्रपाओ म्हणतात आणि हा पदार्थ त्यांच्या रोजच्या जेवणातला. कार्तिकात जिचं लग्न लावतो ती मिरचीबरोबर कढईत! पेणची मैत्रीण मासे-मटण आवडीनं खाणारी, पण तिच्याही हातातला घास क्षणभर थांबला. मग खाल्ला. दुकानवालीनं मात्र शेवटपर्यंत तो पदार्थ मागवला नाही, आणि आम्हीही तिला आग्रह केला नाही. गवती चहाचं तसं नाही. आपण तो चहात उकळतो, इथे त्याचे देठ ठेचून आंबट-तिखट कालवणात घालतात, आणि ते कालवण आम्हा कोकणच्या माणसांच्या जिभेला दुसऱ्याच घोटाला पटलं.

दुकानवाली शाकाहारी. तिच्यासाठी पिवळा झेंडा आणि त्यावर लाल अक्षर असलेली दुकानं शोधायची असतात, हे लवकरच कळलं. चिनी वंशाच्या बौद्धांची ही परंपरा. त्या जेवणात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही चालत नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरातून आलेल्या बाईला परदेशात याहून मोठा दिलासा कोणता? झेंडा दिसला की ती रस्ता ओलांडून पुढे व्हायची.

गोड पदार्थांत तर आम्ही घरीच पोचलो. एका गल्लीत एक बाई बिडाच्या अप्पेपात्रात नारळाच्या दुधातलं तांदळाचं पीठ ओतत होती. झाकण काढलं की कडा कुरकुरीत, मधे मऊ, आणि दोन अर्धे एकमेकांवर ठेवून केळीच्या पानाच्या द्रोणात. त्याला खनोम क्रोक म्हणतात. दुसऱ्या एका टोपलीत तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे होते, आत नारळ आणि ताडाचा गूळ, बाहेरून ओल्या खोबऱ्यात घोळवलेले. खनोम तोम. एक तोंडात टाकला आणि चौघींनी एकमेकींकडे बघितलं. कळ्या पाडलेल्या नाहीत, तूप नाही, पण सारण उकडीच्या मोदकाचंच. तांदूळ आणि नारळ जिथे जिथे आहे तिथल्या बायकांच्या हातांनी हा पदार्थ आपापल्या परीनं शोधून काढला असावा. हेच गोळे तिथे देवाच्या पूजेतही ठेवतात.

त्यांच्या जेवण्याची रीत मला फार आवडली. भात ज्याचा त्याच्या ताटलीत, बाकीचे पदार्थ मधे. एका वेळी चमचाभरच आपल्या भातावर घ्यायचं, संपलं की पुढचं. कोणी ताट भरून घेत नाही आणि कोणी कोणाला 'वाढू का' म्हणून पाठीस लागत नाही. आमच्या घरी पाहुण्याच्या पानात न विचारता वाढणं हे प्रेमाचं लक्षण. ते प्रेम खरंच असतं, पण पाहुण्याच्या पोटाचा अंदाज यजमानानं घ्यायचा की पाहुण्यानं, यावर चौघींचा त्या टेबलावर बराच खल झाला. मेजावर साखर, सुकी मिरची, मिरची घातलेला शिरका आणि माशांचं खारं पाणी अशा चार वाट्या असतात. ज्यानं त्यानं आपली चव आपण जमवायची. स्वयंपाक करणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही.

जुन्या शहरात लाल रंगाचा एक प्रचंड झोपाळा उभा आहे, नुसती चौकट. 1784 साली तो उभारला, त्यावर झोके घेण्याचा विधी 1930च्या दशकात बंद झाला, आणि आताचे सागवानी खांब 2007 सालचे. त्याच्या शेजारीच, 1784 सालीच बांधलेलं ब्राह्मणांचं देऊळ आहे. राजवाड्यातली धर्मकृत्यं करणारे शुभ्र वस्त्रातले पुरोहित इथले. तीन लहान इमारती, एक शंकराची, एक नारायणाची आणि मधली गणपतीची. पांढऱ्या भिंती, थाई छप्पर, मधे शांत आवार.

आत गेलो. बल्लाळेश्वराच्या गाभाऱ्यातला शेंदूर, डोळ्यांतले हिरे, घंटेचा नाद यांची सवय असलेल्या आम्हाला तो गणपती फार अबोल वाटला. पेणची मैत्रीण मूर्तीसमोर बसून तिच्या डोळ्यांकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आपण डोळे काढतो ते भक्ताकडे बघणारे. माणूस कुठेही उभा राहिला तरी देव आपल्याकडेच बघतोय असं वाटलं पाहिजे, असं आम्हाला शिकवलंय. या देवाची नजर आत वळलेली आहे." तिच्या या बोलण्यानं दोन देशांतला फरक मला जेवढा कळला तेवढा पुस्तक वाचून कळला नसता. इकडे हजार वर्षं बुद्धाच्या मूर्ती घडवणाऱ्या हातांनी गणपतीही घडवला, तर त्याच्या पापण्या खाली आल्या यात नवल नाही. थायलंडमध्ये गणपती प्रामुख्यानं कलांचा देव. तिथल्या सरकारी ललित कला विभागाच्या आणि शिल्पकोर्न विद्यापीठाच्या बोधचिन्हावर तोच आहे. चित्रकार, नर्तक, नट काम सुरू करण्याआधी त्याला हात जोडतात. आपल्याकडे तो सगळ्यांचाच. परीक्षा देणाऱ्या पोराचा, दुकान उघडणाऱ्या वाण्याचा, नवस बोलणाऱ्या बाईचा.

त्या दिवशी माघी पौर्णिमा होती. पालीत चतुर्थीची यात्रा उलगडून अजून पंधरवडाही झाला नव्हता. इथे हा बौद्धांचा मोठा सण, माखा बुचा. न बोलावता 1250 भिक्षू बुद्धापाशी जमले, त्या प्रसंगाची आठवण. संध्याकाळी आम्ही संगमरवरी देवळात गेलो. पाचव्या राम राजानं इटलीच्या कारारा खाणीतला दगड आणून ते बांधवलं. हातात कमळ, मेणबत्ती आणि तीन उदबत्त्या घेऊन माणसं देवळाला उजवं घालत तीन प्रदक्षिणा करत होती. आजोबांच्या खांद्यावर नातू होता, नोकरदार मुली होत्या, पोलीस होते. आम्ही बाजूला उभ्या राहून बघत होतो. एका बाईनं आपल्या पिशवीतून मेणबत्त्या काढल्या, आपल्या मेणबत्तीवर पेटवून आम्हाला दिल्या आणि हातानंच 'चला' म्हणाली.

प्रदक्षिणा घालायला आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी ही प्रदक्षिणा वेगळी होती. हजार माणसं असतील, पण कोणी कोणाला मागे टाकत नव्हतं. पुढच्याची मेणबत्ती विझली की मागचा थांबून पेटवून द्यायचा, आणि त्यामुळे सगळी रांगच थबकायची. कोणाची तक्रार नसायची. वेग सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा. आपल्या मोठमोठ्या देवस्थानांत 'चला, चला, पुढे सरका' हा गजर मंत्राइतकाच कानांत बसलेला आहे. गर्दी बघता तो लागतोही. पण यात्रेकरू स्वतःच किती घाईत असतो, हे मला त्या तीन फेऱ्यांत कळलं. दोन-तीन दिवसांत आठ गणपती करायचे, तर एकेकाच्या वाट्याला तेवढाच वेळ येणार. त्या रात्री त्या देवळात सगळ्यांकडे एकच काम होतं आणि ते आटपायची कोणाला घाई नव्हती.

पुढचा दिवस आधुनिक बँकॉकचा. राचाप्रसोंगच्या चौकात वरून आगगाडी जाते, चारी बाजूंना बाजारसंकुलं आणि त्यांच्या पायाशी देव. एरावानचा चतुर्मुख ब्रह्मा 1956 साली स्थापन झाला. ब्रह्माची देवळं आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इथे भर चौकात त्याच्याभोवती झेंडूच्या माळांचा खच. ज्यांचा नवस पूर्ण होतो ते पैसे देऊन देवापुढे नाच करवतात. झगमगत्या पोशाखातल्या नर्तकी रांगेनं बसलेल्या. एक जोडपं गुडघे टेकून बसलं, नर्तकी उठल्या, ढोलकं वाजलं, बोटं मागे वळली, आणि काही मिनिटांत नवस फिटला. आमच्याकडे कोणी मोदकांचा नैवेद्य करतं, कोणी नारळाचं तोरण बांधतं. देवाशी झालेला शब्द पाळायचा, ही भावना दोन्हीकडे सारखीच काटेकोर.

जवळच गणपतीही आहे. त्याच्यापुढे केळी, ऊस, आणि लाल सरबताच्या बाटल्या, नळी घालून, झाकण उघडून. देवाला प्यायला सोपं जावं म्हणून. असाच नैवेद्य जवळजवळ प्रत्येक इमारतीच्या आवारात खांबावर उभारलेल्या छोट्या घरापुढेही दिसतो. ते त्या जमिनीच्या राखणदाराचं घर. इमारत बांधली की आधी त्याची सोय करायची, रोज हार घालायचा. कोकणात जागेवाल्याला नारळ आणि राखण दिल्याशिवाय कोण नांगर धरतं? पन्नास मजल्यांच्या बँकेच्या दारात जागेवाल्याचं नांदतं घर बघून दुकानवालीला फार बरं वाटलं. ज्या जमिनीवर आपण बसलोय ती आधी कोणाची तरी होती, ही जाणीव एवढ्या उंच इमारतींनाही ठेवता येते.

संध्याकाळी लुम्फिनी बागेत गवतावर बसलो. तळ्यातून एक भली मोठी घोरपड बाहेर आली आणि चालणाऱ्या माणसांच्या मधून रस्ता ओलांडून गेली. कोणी दगड उचलला नाही. सह्याद्रीत घोरपड माणसाची चाहूल लागताच कपारीत शिरते. कायद्यानं संरक्षण असूनही तिला माणसाचा भरवसा नाही. इथे ती शहराच्या मधोमध पोट घासत सावकाश चालली होती. सहा वाजले, राष्ट्रगीत सुरू झालं आणि धावणारी, खेळणारी, व्यायाम करणारी सगळी बाग जागच्या जागी उभी राहिली. आम्हीही उठलो. गीत संपताच पावलं पुन्हा सुरू.

एका दिवशी शहराबाहेर चाचेंगसाओला गेलो. बांग पाकोंग नदीकाठी तिथे गणपतीच्या प्रचंड मूर्ती उभ्या केल्यात. वॅट समानमध्ये गुलाबी रंगाचा, कुशीवर पहुडलेला गणपती आहे, 16 मीटर उंच आणि 22 मीटर लांब. त्याच्याभोवती रंगीत उंदीर. ज्या वारी जन्म झाला त्या वाराच्या रंगाचा उंदीर गाठायचा, त्याच्या एका कानात इच्छा सांगायची आणि दुसरा कान हातानं बंद करायचा, म्हणजे सांगितलेलं निसटून जात नाही. सोमवारचा पिवळा, मंगळवारचा गुलाबी, बुधवारचा हिरवा. आपल्याला तिथी ठाऊक असते, नक्षत्र ठाऊक असतं. वार कोणाला आठवतो? पेणच्या मैत्रिणीनं तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, "वार विचारतेस? अगं, भात मळणीचे दिवस होते. खळ्यात माणसं होती आणि तुझे बाबा सुईणीला आणायला गेले." बराच वेळ बोलून झाल्यावर वार आठवला, शुक्रवार. ती निळ्या उंदराकडे गेली. तिनं काय मागितलं हे आम्ही विचारलं नाही, पण आईशी एवढं बोलणं फार दिवसांनी झालं, असं ती परतताना म्हणाली.

तिथून थोडं पुढे ख्लोंग खुएनला उभा गणपती आहे, 39 मीटर उंच, ब्राँझचा, 2012 साली पूर्ण झालेला. चार हातांत केळी, ऊस, आंबा आणि फणस. फणस! आपल्या गणपतीच्या हातात पाश-अंकुश असतात, मोदक असतो. फणस हातात धरलेला गणपती कोकणातल्या कोणा मूर्तिकाराला सुचायला हवा होता, असं चौघींनाही वाटलं. मूर्तीभोवती भाताची शेतं आणि नारळीच्या बागा. ज्या जमिनीत जे पिकतं ते देवाच्या हातात दिलं, इतकं सरळ. पेणच्या मैत्रिणीनं खाली बसून पिशवीतली वही काढली आणि तो हात, त्यातला फणस, वेळ घेऊन रेखाटून घेतला. आम्ही तिच्याबरोबर सावलीत बसलो. आमच्या यादीत तेवढंच काम होतं.

निघायच्या दिवशी सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचं मोठं शिल्प दिसलं. एकीकडे देव, एकीकडे दानव, मधे वासुकी, आणि मंदार पर्वतावर विष्णू. जाणाऱ्या माणसाला निरोप देण्यासाठी त्यांनी ही गोष्ट निवडली, याचं मला कौतुक वाटलं. त्याच्यासमोर बसून आमचं खरं बोलणं झालं.

शिक्षिका म्हणाली, "आपल्याला काय लक्षात राहिलं, सांगा बघू एकेकीनं." उत्तरं फार वेगळी नव्हती: कमळ दुमडायला शिकवणारी मावशी, मेणबत्ती पेटवून देणारी बाई, पाय धुणाऱ्या बायका. सोन्याच्या मूर्ती आणि शिखरं नंतर आली. त्या बायकांतल्या प्रत्येकीनं आपल्या कामातली काही मिनिटं परक्या बाईला दिली होती. पाहुण्याला गाव कळतं ते अशा मिनिटांतून. देऊळ त्याला बोलावून आणतं. थांबवून ठेवायचं काम गावच्या माणसांचं.

आणि द्यायला पालीकडे काय कमी आहे? बल्लाळ नावाच्या पोराची गोष्ट आहे. देवाच्या नादाला लागला म्हणून बापानं त्याला झाडाला बांधून मारलं आणि देवानं त्याचंच नाव घेतलं. अष्टविनायकांत भक्ताच्या नावानं ओळखला जाणारा गणपती हा एकच. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई जिंकल्यावर आणलेली परदेशी घंटा आहे. पगडीच्या आकाराचा सरसगड आहे, त्याच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत. पलीकडे सुधागड आहे आणि त्याच्या पायथ्याचं पाच्छापूर, जिथे संभाजी महाराज आणि औरंगजेबाचा मुलगा अकबर यांची भेट झाली. हिवाळ्यात वालाच्या शेंगांची पोपटी आहे, भांबुर्ड्याच्या पाल्याच्या वासाची. हे सगळं येणाऱ्या माणसाला सांगायला फलक पुरत नाही, माणूस लागतो.

परतल्यावर दुकानवालीनं दुकानाच्या पुढच्या भागातली दोन खोकी हलवून तिथे बाक ठेवला. दूर्वा निवडायचं काम आता ती आत न करता त्या बाकाशेजारी बसून करते. परवा नगरकडच्या एका कुटुंबातली मुलगी तिच्याशेजारी बसून जुडी बांधायला शिकत होती आणि तिचे आईवडील सरसगडाची वाट विचारत होते. शिक्षिकेनं वरच्या वर्गातल्या मुलांना गावाची माहिती पाहुण्याला कशी सांगायची याचा सराव द्यायला घेतलाय. पेणच्या मैत्रिणीच्या कारखान्यात शाडूचा एक लहान गणपती तयार होतोय, चौथ्या हातात फणस घेतलेला. मी हे लिहिलं ते पालीला येणाऱ्यांसाठी. महडचा रस्ता कुठे जात नाही. यात्रेला याल तेव्हा आमच्या गावासाठी एक तास जास्तीचा घेऊन या. तो तास कसा घालवायचा हे दाखवायची जबाबदारी आता आमची.